कागद वाजत न्हाय

जगातल्या लोकशाह्या कुणी बुडवल्या यावर पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं आहे. ग्रीसमध्ये अमुक झालं, रोममध्ये तमुक झालं, जर्मनीचं तर विचारूच नका. पण ती सगळी माणसं निदान फौजफाटा घेऊन, भाषणं ठोकून, काहीतरी कष्ट करून आली होती. आमच्या नारवेलची लोकशाही एका नारळानं बुडायची वेळ आली, आणि तेव्हा ती गावात पुरती पोचलीसुद्धा नव्हती.

साल एकोणसाठ. ग्रामपंचायतीची पहिली खरीखुरी निवडणूक जाहीर झाली होती. आमचं गाव जंजिरा संस्थानातलं. नवाबाचं राज्य गेलं, मग कायद्यानं खोती गेली, पण बाळाजी खोत होते तिथेच होते. फक्त पागोटं जाऊन डोक्यावर पांढरी टोपी आली. पूर्वी ते गावाकडून जे हुकमानं घ्यायचे ते आता विनंतीवरून घेऊ लागले, आणि विनंती नाकारायची कशी हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. हुकूम मोडायची तरी लोकांना थोडी सवय होती.

निवडणूक जाहीर झाली त्याच आठवड्यात खोतांनी गाव देवळात बोलावलं. निवडणुकीनं गावात फूट पडते, भावकी तुटते, सबब सातही जागा बिनविरोध करू, आणि नावं आपण माणसांनी ठरवण्यापेक्षा देवीलाच विचारू, असा त्यांचा प्रस्ताव होता. म्हणजे कौल. आमच्याकडे पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी पाकळी पडली की देवीचा होकार. पाकळ्या लावणारा गुरव खोतांच्या जमिनीत राहणारा. उजवी पाकळी ओल्या बोटानं आणि डावी चिकट बोटानं लावली जाते असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की देवीनं एकदाही खोतांना नाही म्हटलेलं नाही, आणि इतकी वर्षं एकाच माणसाशी एकमत होणं हे देवांच्या बाबतीतसुद्धा विरळा आहे.

देवीनं एक नारळ आणि सात नावं स्वीकारली. खोत स्वतः, त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्या पत्नी आवडाबाई, गुरव, खोतांचं जुनं कूळ अंबाजी, वाण्याचं दुकान चालवणारा शिवदास आणि माझा शेजारी हरी. शिवदासला कोळीवाड्याच्या जागेवर घेतलं होतं. तो कोळी नव्हता, कोळीवाड्यात राहत नव्हता, पण कोळ्यांना मीठ आणि सुंभ विकत होता, एवढं नातं देवीला पुरेसं वाटलं. आमच्या आळीच्या जागेवर मात्र हरी. मी मुंबईत सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन आलेलो होतो, घटना पहिल्या कलमापासून वाचलेला गावातला एकमेव माणूस होतो, आणि देवीनं निवडला तो हरी, ज्याला रेडिओवरच्या बातम्या आणि बाजारभाव यांतला फरक कळत नाही. त्या क्षणी मला लोकशाहीला असलेला धोका स्पष्ट दिसला.

हे मी घरी येऊन बायकोला, म्हणजे आनंदीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की धोका राहू द्या, पंचायतीला एक विहीर मंजूर झाली आहे ती कुठे खणणार ते विचारलंत का. नव्हतं विचारलं. घटनेत विहिरीचा उल्लेख नाही.

विहिरीचं प्रकरण असं होतं. फाल्गुन सरला की कोळीवाड्याची विहीर खारट व्हायची. मग कोळणी हंडे घेऊन आमच्या आळीत यायच्या, आणि सगळ्या विहिरी सोडून आमच्याच वाडीतल्या विहिरीवर थांबायच्या, कारण बाकीच्यांनी फाटकं लावून घेतलेली असायची. आळीनं असंही ठरवून टाकलं होतं की रहाटाला हात आमच्याच माणसानं लावायचा आणि त्यांच्या हंड्यांत वरून पाणी ओतायचं. ठरवलं आळीनं आणि मनगटं सुजली आमच्या आनंदीबाईंची. पावसापर्यंत हे चालायचं. आता मंजूर झालेली विहीर कोळीवाड्याच्या वरच्या अंगाला, मुरमाड जागेत खणली असती तर दोन्ही बाजूंची सुटका होती. पण खोतांनी ती देवळापाशी घ्यायचं ठरवलं होतं, यात्रेकरूंसाठी. आमच्या देवळात यात्रेकरू येत नाहीत. ते हरिहरेश्वराला जातात. देवळाला लागून खोतांची नवी नारळाची लागवड मात्र होती.

तेव्हा लोकशाही वाचवण्यासाठी एक तरी विरोधी उमेदवार हवा होता. मी हरीच्या विरुद्ध उभा राहणार होतोच, पण एकट्यानं उभं राहिलं की गाव म्हणतं, याला जागा मिळाली नाही म्हणून चिडलाय. ते खरं असलं तरी गावानं म्हणावं हे मला पसंत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरीवर हंडा घेऊन आलेल्या काशीला मी विचारलं. काशी म्हणजे कोळीवाड्यातल्या रघूची बायको, बाजारात मासे विकणारी, भावात कुणाचं ऐकलेलं नाही. मी तिला लोकशाही, मूलभूत हक्क आणि स्त्रियांचं स्थान यांवर अर्धा तास समजावून सांगितलं. तिनं हंडा कमरेवर घेतला आणि विचारलं, "तात्या, उभं ऱ्हायलं तं हीर आमच्यात व्हईल का?" मी म्हटलं, होऊ शकेल. "मंग हाय मी उभी," ती म्हणाली आणि गेली. माझी बरीचशी मूल्यं ऐकायची राहिली.

अर्ज भरायला तालुक्याला गेलो तिथे कळलं की काशी अस्तित्वातच नाही. मतदारयादी करणारे आले तेव्हा बायकांनी परक्या पुरुषांना नावं सांगितली नव्हती, त्यामुळे यादीत निम्मा कोळीवाडा अमक्याची बायको आणि तमक्याची आई असाच होता. काशीच्या घराच्या क्रमांकावर 'रघूची बायको' उभी राहू शकत होती, काशी नाही. मी कारकुनाला सांगितलं की या दोघी एकच आहेत. तो म्हणाला, कशावरून? मी स्वतः कारकून म्हणून आयुष्य काढलेलं, अशा वेळी समोरच्या माणसाला किती आनंद होत असतो हे मला माहीत आहे. तो आनंद त्यानं तीन खेपा पुरवला. शेवटी रघूला प्रत्यक्ष हजर करा असं ठरलं. रघू समुद्रावर. तो परत आल्यावर त्याला मचव्यात घालून तसाच नेला. त्याच्या अंगाला येणाऱ्या वासामुळे कचेरीतलं काम एकदम जलद चालू झालं. साहेबानं नाकाला रुमाल लावून विचारलं की ही तुमचीच बायको का. रघूनं काशीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आता न्हाय म्हनून चालंल व्हय?" एवढ्या पुराव्यावर लोकशाही पुढे सरकली.

आता मतदारांचं शिक्षण. गुप्त मतदान म्हणजे काय हे गावाला पटवायचं तर रंगीत तालीम घ्यायला हवी, आणि तालमीसाठी मी एक यंत्र बनवलं. याबद्दल मी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण अमेरिकेत म्हणे मत देण्याची यंत्रं आहेत, पण ती लोखंडाची आणि विजेची. कोकणातल्या वाडीत मिळणाऱ्या सामानातून असं यंत्र जगात प्रथम मीच बनवलं असावं. पोफळीचं खोड उभं चिरून आपण पाण्याला पन्हळ करतो. तशी दोन पन्हळं शाळेच्या ओट्यावर उतरती लावली, वरून झावळ्यांनी झाकली, आणि त्यांची तोंडं आड ठेवलेल्या दोन भांड्यांत सोडली. मतदारानं कांबळ्याच्या पडद्यामागे जायचं, हातातली सुपारी डावीकडे किंवा उजवीकडे सोडायची, सुपारी घरंगळत आपापल्या भांड्यात. कुणी कुणाला मत दिलं ते परमेश्वरालाही कळू नये अशी रचना. आळीतल्या प्रत्येकानं येऊन सूचना केल्या. हरी म्हणाला, उतार जास्त ठेव. दुसरा म्हणाला, कमी ठेव. एकानं पन्हळाला शेंदूर लावायला सांगितलं. मी कुणाचंही ऐकलं नाही आणि दोन्ही भांडी मातीची ठेवली.

तालमीच्या सकाळी खोत खुर्ची घेऊन हजर. तालमीत लढत काशी आणि खोत अशीच ठेवली होती, कारण गावाला ओळखीची दोन नावं हवीत. आपली मतं मडक्यात पडणार म्हणून ते दुखावले, आणि घरून कल्हई केलेली तांब्याची घागर मागवून त्यांच्या बाजूला ठेवायला लावली. मानाचा प्रश्न म्हणून मी हरकत घेतली नाही. इथे माझ्या रचनेत जो दोष शिरला तो यंत्राचा नव्हता, समाजाचा होता.

पहिला मतदार पडद्याआड गेला आणि घागरीत सुपारी पडली. टण्ण. हा आवाज थेट पारापर्यंत गेला. खोतांनी खुर्चीतून मान डोलावली. दुसरा गेला. टण्ण. लोकांच्या लक्षात आलं. मग जो तो आत जाऊन सुपारी शक्य तितक्या जोरानं सोडू लागला, म्हणजे आपली निष्ठा मोठ्यानं वाजावी. अंबाजीचा हात चुकला असावा, मडक्यातून नुसता ढप असा आवाज आला. खोतांनी मान वळवली. अंबाजी पडद्याबाहेर आला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा आत गेला आणि मडक्यात हात घालून आपलं मत काढून घागरीत टाकून आला. जाताना माझ्या पाया पडला, ते का हे मला अजून कळलेलं नाही. काही मतदारांनी सुपारी चांगली निघाली म्हणून फोडून पानात घातली आणि पिंक टाकत घरी गेले. मत खाणारा मतदार मी त्याआधी पाहिला नव्हता. मोजणी झाली तेव्हा घागर भरलेली होती आणि मडक्यात काशीची स्वतःची एक सुपारी होती.

त्या संध्याकाळी खोत माझ्या ओटीवर आले. यंत्राची त्यांनी मनापासून स्तुती केली. मुंबईलाच राहिला असतात तर नाव काढलं असतं, म्हणाले. मग म्हणाले की देवीनं रात्री दृष्टांत दिला, आळीच्या जागेवर हरीऐवजी जाणता माणूस हवा. हरीनं समजुतीनं अर्ज मागे घेतला आहे. एक नारळ त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी विचार केला. व्यवस्थेच्या बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत शिरून ती सुधारणं हे अधिक जबाबदारीचं काम आहे, आणि ही गोष्ट सगळ्या मोठ्या विचारवंतांनी मान्य केलेली आहे. मी नारळ घेतला. आनंदीबाई दारात उभ्या होत्या. खोत गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही टण्ण." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्यांना त्याचा त्रास झाल्याचं दिसलं नाही.

बाकी सगळं बिनविरोध झालं. राहिली एकट्या कोळीवाड्याची लढत. खोतांनी काशीला निरोप धाडला, शिवदासनं उधार बंद करायची धमकी दिली, आणि मीही एकदा तिला समजावलं की तालमीतला निकाल पाहता आता माघार घेणं शहाणपणाचं होईल. तिनं पाटीवरची माशी हाकलली आणि मला भाव विचारायचा असेल तर विचारा म्हणाली. मतदानाच्या आदल्या दिवशी ती कोळीवाड्यातल्या घराघरात फिरली. मला वाटलं, भाषणं करते आहे. नंतर कळलं की ती प्रत्येक दारात एकच वाक्य बोलत होती. "सुपारी वाजली व्हती. कागद वाजत न्हाय."

मतदानाच्या दिवशी पडद्यामागे दोन पेट्या होत्या, एकीवर शिवदासचा तराजू, एकीवर काशीची होडी. खोत बाहेर खुर्चीवर कान देऊन बसले. आत जाणारा प्रत्येक कोळी बाहेर येताना त्यांना वाकून नमस्कार करी, शिवदासला तर काहीजण मिठी मारत होते. संध्याकाळी पेट्या उघडल्या. तराजूच्या पेटीत शिवदासला मिठी मारणाऱ्यांइतकीसुद्धा मतं निघाली नाहीत. माझ्या यंत्रानं गावाला गुप्त मतदानाचं महत्त्व पटवलं, हे कुणी कबूल केलं नाही तरी नोंदवून ठेवायला हरकत नसावी.

आणि मग पहिली सभा. शाळेच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. सातवी आणायला माणूस गेलाय असं काशीला सांगण्यात आलं. तो शेवटपर्यंत आला नाही. काशी शिक्षकाच्या टेबलावरच बसली. खोत सरपंच झालेच होते. त्यांनी विहिरीचा ठराव वाचला, देवळापाशी, यात्रेकरूंच्या सोयीसाठी, आणि नजर फिरवली. हात वर होऊ लागले. भाऊ, गुरव, अंबाजी. आवडाबाईंनी नवऱ्याकडे पाहून हात उचलला. माझाही हात वर गेला. यामागे माझी भूमिका अशी होती की सुरुवातीलाच मतभेद दाखवून संस्थेचं नुकसान करू नये. योग्य वेळी, योग्य शब्दांत, खाजगीत बोलता येतं. खोत ग्रामसेवकाला म्हणाले, लिहा, सर्वानुमते.

"माजा इरोध हाय," काशी म्हणाली. "लिवा."

ग्रामसेवक नवा होता. त्यानं शब्द लिहिला नाही, खोतांकडे पाहिलं. खोत हसून म्हणाले की बाईला अजून पद्धत माहीत नाही. मीही तिला हळू आवाजात समजावलं की विरोध असा तोंडावर करायचा नसतो. तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "हात उचलून नगं," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "कागदावर घ्या. त्या दिशी घेतलंव तसं." ग्रामसेवकानं नियमांचं पुस्तक चाळलं आणि घाम पुसत म्हणाला की सदस्यानं मागणी केली तर तसं घेता येतं. खोतांना हसू आवरेना. हातांचा हिशेब त्यांनी नुकताच डोळ्यांनी पाहिला होता. घ्या म्हणाले, हौस फिटू दे.

ठरलं असं. कपाटामागे जायचं. विहीर कोळीवाड्यात हवी असेल त्यानं कागदावर फुली मारायची, देवळापाशी हवी असेल त्यानं कोराच कागद घडी करून टाकायचा. ग्रामसेवकाकडे एक पेन्सिल होती, सरकारी, जिचं टोक जिभेला लावल्याशिवाय उमटत नाही आणि मग जांभळं उमटतं. ती कपाटामागे ठेवली.

मी कपाटामागे उभा राहिलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर घटना नव्हती, खोतही नव्हते. आनंदीबाईंची सुजलेली मनगटं होती, आणि पावसापर्यंतचा सगळा काळ होता. इथे मला कुणी पाहत नव्हतं. आयुष्यात इतका एकटा मी कधी उभा राहिलो नव्हतो. मी पेन्सिल जिभेला लावली आणि फुली मारली. फुली पुसट आली म्हणून पुन्हा लावली आणि पुन्हा मारली.

मोजणी ग्रामसेवकानं तीनदा केली. तीन कागद कोरे आणि चार फुल्यांचे. विहीर कोळीवाड्यात. काशी टेबलावरून उतरली, तिनं पदर खोचला आणि आम्हा सगळ्यांकडे पाहून तोंड भरून हसली. तिचे ओठ, दात आणि अर्धी जीभ जांभळी झाली होती. मी झटकन माझं तोंड मिटून घेतलं. समोर अंबाजीनं पंचा तोंडावर धरला होता आणि तो खोकल्याचं सोंग करत होता.

घरी जाताना खोत पुढे आणि आम्ही मागे, अशी जुनीच रांग झाली. खोत तावातावानं बोलत होते. या गावात गद्दारी झाली, नवाबाच्या राज्यात असं कधी झालं नाही, पाठीत खंजीर खुपसणारे ते तिघे कोण ते मी शोधून काढीन, लोकशाहीत असले लोक माजले तर देशाचं काय होणार. दर चार पावलांनी ते मागे वळून म्हणत, काय तात्या? आणि मी ओठ घट्ट मिटून गंभीरपणे मान हलवी. अंबाजीही हलवी. आमच्या मौनाचा त्यांनी दुःख असा अर्थ लावला आणि त्यांना थोडं बरं वाटलं. त्यांनी भावावर संशय घेतला, गुरवावर घेतला, बोलता बोलता देवीवरही घेतला. सर्वांत मागून त्यांची छत्री घेऊन येणाऱ्या आवडाबाईंना मात्र काही विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

माडांच्या वाडीपाशी वळणावर खोत पुढे गेले, आणि मला ठेच लागली म्हणून मी वाकलो. आवडाबाई माझ्या शेजारून गेल्या. मघापासून त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं होतं, वडीलधाऱ्यांसमोर धरतात तसं. क्षणभर त्यांनी ते सोडलं. त्यांचा खालचा ओठ जांभळा होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी त्यांच्या. मग त्यांनी पदर पुन्हा दातांत धरला आणि छत्री घेऊन नवऱ्याच्या मागून चालू लागल्या.